लूनाचा क्लच : एका क्षुल्लक वस्तूचा इतिहास

द्वारकेतील आमच्या सदनिकेत येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष प्रथम दिवाणखान्यातील काचेच्या कपाटाकडे जाते. त्यात चांदीची भांडी असावीत असा त्यांचा समज होतो. जवळ जाऊन पाहतात तो लोखंडी ड्रम, स्प्रिंगा आणि झिजलेले क्लच-शू! मग ते आमच्याकडे आणि आमच्या सौभाग्यवतींकडे आळीपाळीने पाहू लागतात. लूना, सुवेगा, टीव्हीएस, राजदूत अशा लहान गाड्यांचे एकतीस जुने क्लच आम्ही गेल्या अठरा वर्षांत जमवले आहेत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली. शिवकालावर वा पेशवाईवर लिहिण्याचा अधिकार आमच्यासारख्या केवळ बी.ए. झालेल्या सरकारी नोकराला नाही. तेव्हा जे स्वतःच्या हाताने पुसून ठेवले, त्याचाच इतिहास सांगावा हे बरे.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातील मध्यस्थ. इंजिन फिरत असते आणि चाक उभे असते. दोहोंची गाठ एकदम घातली तर गाडी हिसका देते किंवा इंजिन बंद पडते. मोटरसायकलवर ही गाठ डाव्या हाताने, दट्ट्या हळूहळू सोडून घालावी लागते. लहान गाड्यांत मात्र एक सुटसुटीत युक्ती आहे. इंजिनच्या दांड्यावर दोन किंवा तीन वजनदार शू बसवलेले असतात आणि स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. इंजिनचा वेग वाढला की हे शू बाहेर फेकले जातात, भोवतालच्या ड्रमला घासून धरतात आणि चाक फिरू लागते. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. गोफण फिरवणाऱ्या आपल्या राखणदाराला हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक होते.

या युक्तीला लोकप्रियता मिळाली ती खेळण्यातल्यासारख्या वाहनांमुळे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने हिरवळ कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिली गो-कार्ट तयार केली. आरंभीच्या पुष्कळशा कार्टना क्लचच नसे; ढकलून चालू कराव्या लागत. पुढे त्यांना आणि साठच्या दशकातील मिनी-बाइकना हे आपोआप धरणारे क्लच बसू लागले. तिकडे आज या जुन्या क्लचांचे हौशी संग्राहक आहेत. आपल्याकडे गो-कार्ट फार उशिरा आली. कोल्हापुरात आता तिच्या राष्ट्रीय दर्जाच्या शर्यतीही झाल्या आहेत. परंतु महाराष्ट्रात हा क्लच घरोघरी पोचला तो शर्यतीतून नव्हे. तो पोचला शिक्षक, कारकून, परिचारिका आणि दूधवाले यांच्या मार्गाने.

१९७२ साली फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडच्या धर्तीवर लूना बाजारात आणली. पन्नास सी.सी.चे इंजिन, सायकलसारखी पायडले, ना गिअर ना क्लचचा दट्ट्या. कारखाना आमच्या नगरचा, आजचे अहिल्यानगर. तो काळ परवान्यांचा होता. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलाच्या जन्माला नोंदवलेली स्कूटर त्याच्या मुंजीला येते, असे लोक गमतीने म्हणत. अशा काळात ज्याला सायकल येते त्याला लूना येते, हा केवढा दिलासा होता! नऊवारी नेसलेल्या बाईलाही ती चालवता येई, कारण डाव्या हाताचे कसब त्या लहानशा ड्रमाने स्वतःकडे घेतले होते. स्त्रियांच्या स्वावलंबनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या ड्रमाची एका ओळीत तरी नोंद घ्यावी.

आमचे वडील, अण्णा, नगरला शिक्षक होते. १९८० च्या सुमारास त्यांनी लूना घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तीवरूनच शाळेत गेले. मेट्रो द्वारकेपर्यंत येऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील, तेव्हा आम्ही त्यांना कायमचे दिल्लीस आणले. नगरचे घर आवरताना लूना भंगारवाल्यास देऊन टाकली. किती रुपये आले तेही आता आठवत नाही. आगगाडी मनमाड सोडून पुढे निघाल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "अरे, क्लच तरी काढून घ्यायचास. दिवाळीतच नवे लायनर टाकले होते." आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. जे यंत्र आम्ही निकामी ठरवले, त्यावर त्यांनी आणखी काही वर्षांचा भरवसा टाकला होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

संग्रहाचा आरंभ तेथून झाला. द्वारकेपासून मायापुरीचा भंगारबाजार दूर नाही. तेथे आणि करोल बागेतील सुट्या भागांच्या दुकानांत आम्ही रविवारी हिंडू लागलो. पुण्यास गेलो की मंगळवार पेठेतील जुना बाजार चुकवत नसू. पहिला क्लच मिळाला तो मायापुरीत, वजनावर. तो घरी आणून अण्णांच्या हाती दिला. त्यांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा आपला नव्हे. पण पुसून ठेव." पुढच्या नऊ क्लचांच्या चिठ्ठ्या त्यांच्याच वळणदार अक्षरात आहेत.

क्लच हा एक दस्तऐवज आहे, हे हळूहळू कळू लागले. ड्रमवर निळसर-जांभळी झाक दिसली तर तो फार तापला, म्हणजे गाडीवर तिच्या ताकदीपलीकडचा भार होता असे समजावे; दुधाच्या किटल्या असतील, नाहीतर पुढे मूल आणि मागे पत्नी. लायनर एकसारखे झिजले असेल तर मालक सबुरीचा. स्प्रिंग ताणून सैल झाली असेल तर गाडी उभी असतानाही चाक ओढ घेत असणार. नव्या संग्राहकांस एक सूचना करून ठेवतो : जुन्या लायनरमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

दिल्लीच्या परिसराचाही यात वाटा आहे. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटाने गाजवलेली राजदूतची बुटकी मोटरसायकल फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. तिचा हाताने चालणारा, अनेक चकत्यांचा क्लच आमच्या वरच्या फळीवर आहे. १९८४ साली पिथमपूरहून आलेल्या कायनेटिक होंडाने बिनगिअरच्या सोयीला बटणाचीही जोड दिली. २०२४ साली लूना विजेवर परत आली, आणि विजेच्या मोटारीस क्लच लागतच नाही. म्हणजे जी वस्तू आम्ही जमवतो, ती आता गाडीसह नव्हे, कल्पनेसह इतिहासजमा होत आहे.

येथे सरकारी नोकर म्हणून दोन आकड्यांकडे लक्ष वेधावेसे वाटते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने पंधरा वर्षांहून जुनी वाहने दिल्लीच्या रस्त्यावर आणण्यास मनाई झाली; २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला आणि २०२५ साली हा विषय पुन्हा त्या न्यायालयापुढे आला. धुराने कोंडलेल्या शहरात या आदेशाविरुद्ध आमची तक्रार नाही. दुसरीकडे जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात जपलेले दुचाकी वा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पहिल्या लूनांनी २०२२ साली पन्नाशी गाठली. पंधराव्या वर्षी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली पस्तीस वर्षे त्या वस्तूने कोठे काढायची? त्याला कायद्याकडे उत्तर नाही. ते कोणाच्या तरी माळ्यावर, कपाटात, हट्टातच असते. पुण्याच्या काका केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले तेव्हा त्यांचीही मोडीत काढण्याजोगी अवस्थाच होती.

आपल्या मंडळानेही पन्नास वर्षे पूर्ण केली. ती काही आपोआप झाली नाहीत. मधल्या वर्षांत सभागृहे रिकामी राहिली असतील, मुलांनी मराठीला कंटाळून हिंदीत उत्तरे दिली असतील. तरी कोणीतरी गणपतीची वर्गणी गोळा केली, पुस्तकांची पेटी एका घरातून दुसऱ्या घरात नेली. नव्याने दिल्लीत उतरलेल्या कुटुंबास हिसका न बसता येथल्या गतीशी जोडून देणे, हे मध्यस्थाचे कामही मंडळाने केले.

म्हणून वाचकांस एकच विनंती. गावाकडच्या घरी, पडवीत वा गोठ्यात एखादी लूना धूळ खात असेल, तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, नोंदणीचे पुस्तक जपावे आणि ती चालवणारे वडीलधारे हयात असतील, तर त्यांच्याजवळ घटकाभर बसून विचारावे, कोठे कोठे गेलात? गाडी ठेवणे सर्वांनाच शक्य नाही. क्लच मात्र तळहाताएवढा असतो. तो काढून घ्यावा.