लाइव्ह ॲट लीड्स : खरखरीसकट जपलेली एक रात्र

१/९
१४ फेब्रुवारी १९७०, शनिवार. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाचे भोजनगृह. एरवी विद्यार्थी जेथे जेवत, त्या दालनात 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला. त्यातून साकारलेला 'लाइव्ह ॲट लीड्स' हा अल्बम आजही सर्वोत्तम लाइव्ह अल्बमांत गणला जातो. त्यामागे काय आहे?

२/९
मे १९६९ मध्ये बँडचा 'टॉमी' हा रॉक ऑपेरा गाजला होता. स्टुडिओत ध्वनीचे थर एकावर एक चढवता येतात. रंगमंचावर मात्र चौघेच असत : गायक रॉजर डॉल्ट्री, गिटारवर पीट टाउनशेंड, बेसवर जॉन एंटविसल आणि ड्रम्सवर कीथ मून. तेथे त्यांचे संगीत अधिक रांगडे होई आणि ते अल्बमवर कोठेच उतरलेले नव्हते.

३/९
१९६९ च्या अमेरिका दौऱ्यातील कार्यक्रम मुद्रित झाले होते. पण इतक्या तासांचे मुद्रण ऐकून निवड करणार कोण? त्या फिती चोरट्या मार्गाने बाजारात जाऊ नयेत म्हणून आपण त्या जाळून टाकायला सांगितल्या, असे टाउनशेंड यांनीच पुढे सांगितले. इतिहासाची साधने अशीही नष्ट होतात.

४/९
मग लागोपाठ दोन रात्री निवडल्या गेल्या : लीड्स आणि हल. हलच्या मुद्रणात काही गाण्यांचा बेस उमटलाच नसल्याचे आढळले, आणि लीड्सची निवड झाली. एका तांत्रिक बिघाडाने अल्बमचे नाव ठरले!

५/९
लीड्सचे मुद्रणही निर्दोष नव्हते. त्यात खरखर होती. ती लपवण्याऐवजी, खरखर अशीच आहे, दुरुस्त करू नये, अशी सूचना तबकडीच्या लेबलवरच छापण्यात आली.

६/९
त्या काळी कार्यक्रमांची व अप्रकाशित गाण्यांची अनधिकृत मुद्रणे विकली जाऊ लागली होती. बॉब डिलनचे 'ग्रेट व्हाइट वंडर' १९६९ चेच. 'द हू'ने तेच रूप उचलले : साधा तपकिरी पुठ्ठा, त्यावर शिक्क्यासारखी अक्षरे. आत वुडस्टॉकच्या कराराची व मार्की क्लबच्या पोस्टरची प्रतिकृती. श्रोत्याच्या हाती जणू बँडचे छोटे दफ्तरच पडले.

७/९
तथापि हे 'जसेच्या तसे' मुद्रण नव्हे. मे १९७० मधील मूळ अल्बमवर सहाच गाणी होती. त्या रात्री जवळजवळ संपूर्ण सादर झालेला 'टॉमी' वगळला गेला. नीट न उमटलेले काही साथीचे स्वर पुढे स्टुडिओत पुन्हा गाऊन भरले गेले. प्रत्येक साधनामागे कोणाची तरी निवड असते. ती ओळखणे हे अभ्यासकाचे काम.

८/९
तरीही जे उरले ते अस्सल आहे. स्टुडिओत सुमारे तीन मिनिटांचे असलेले 'माय जनरेशन' येथे चौदा मिनिटांहून अधिक चालते. वाटेत 'टॉमी'तील धून डोकावते. लय मंदावते, पुन्हा उसळते. पुढचे वळण त्या क्षणी, एकमेकांकडे कान देऊन ठरत असल्याचे श्रोत्याला जाणवते. या अल्बमची ओढ आहे ती याचीच.

९/९
१९९५ च्या विस्तारित आवृत्तीत गाणी वाढली आणि बरीचशी खरखर पुसली गेली. २००१ मध्ये 'टॉमी'ही आला. २००६ मध्ये त्या भोजनगृहावर निळा स्मृतिफलक लागला. आता त्या रात्रीचे अधिक संगीत, अधिक स्वच्छ ऐकू येते. पण १९७० च्या श्रोत्याने काय ऐकले हे जाणायचे असेल, तर ती सहा गाण्यांची, खरखरणारी तबकडीच लावावी लागते.