निकालपूर्व जप्ती

निकालपूर्व जप्ती : दिवाणी दाव्याचा निकाल लागण्यापूर्वी प्रतिवादीने आपली मालमत्ता विकून, लपवून वा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेऊन संभाव्य हुकूमनामा निष्फळ करू नये, म्हणून ती अटकावून ठेवण्याची न्यायालयीन प्रक्रिया.

पेशवाईत धनको तगादा लावून वा ऋणकोच्या दारी धरणे धरून वसुली करी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तगाद्याची नोंद केली आहे. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने निकालपूर्व जप्तीचा अधिकार न्यायालयांस दिला. पुढे कर्जवसुलीच्या जाचातून १८७५ चे दख्खनचे दंगे उद्भवले. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने सातारा, पुणे, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या गहाण नसलेल्या स्थावर मालमत्तेस हुकूमनाम्याखालील जप्तीपासून संरक्षण दिले. सांगली, मिरज व माधवनगर हा परिसर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानांत मोडत होता. तो १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाला.

सध्याची तरतूद १९०८ च्या संहितेच्या आदेश ३८ मध्ये आहे. प्रतिवादीचा हेतू हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस अडथळा आणण्याचा आहे, हे वादीस दाखवावे लागते. न्यायालय प्रथम तारण देण्यास वा कारण दाखविण्यास सांगते. सोबतच सशर्त जप्तीही करता येते. तारण दिल्यास जप्ती उठते. शेतकऱ्याच्या ताब्यातील शेतमाल नियम १२ नुसार या जप्तीतून वगळलेला आहे. त्यामुळे सांगली–माधवनगर भागातील शेतकऱ्याच्या घरची हळद अशा प्रकारे अटकावता येत नाही. तीच हळद व्यापाऱ्याने विकत घेऊन गुदामात वा पेवात साठविल्यावर मात्र जप्तीस पात्र ठरते.

इंग्लंडमध्ये असा अटकाव १८९० च्या ‘लिस्टर विरुद्ध स्टब्ज’ या निर्णयाने नाकारलेला होता. १९७५ च्या ‘मरेव्हा’ खटल्यापासून तो मनाई हुकुमाच्या रूपाने रूढ झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स’ या खटल्यात २००७ मध्ये हा अधिकार असाधारण असून विनातारण कर्जास तारणयुक्त करण्याचे ते साधन नव्हे, असे स्पष्ट केले.

अटकाव न झाल्यास धनकोच्या हाती कोरा हुकूमनामा उरतो. तो अकारण झाल्यास व्यापाऱ्याचे भांडवल व पत दोन्ही बुडतात. म्हणूनच अपुऱ्या कारणावरून मिळविलेल्या जप्तीबद्दल कलम ९५ अन्वये प्रतिवादीस भरपाई मागता येते.