विश्वासार्ह ‘फ्युनरल होम’ची निवड : अमेरिकेतील ‘फ्युनरल रूल’ची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

मृत्यू घडलेल्या घरातील माणसे ग्राहक या नात्याने अत्यंत दुबळी असतात. वेळ अपुरा असतो, मन थाऱ्यावर नसते आणि घासाघीस करणे हा मृताचा अनादर वाटतो. महाराष्ट्रातील खेड्यांत तिरडी बांधण्यापासून खांदा देण्यापर्यंतची कामे भाऊबंद व शेजारी करीत आल्यामुळे हा प्रश्न व्यवहाराच्या भाषेत फारसा मांडला गेला नाही. अमेरिकेत मात्र अंत्यविधी हा दीर्घकाळ व्यवसाय राहिला आहे. तेथे मृतदेह कोणाच्या हाती सोपवावा, याची कसोटी कशी बदलत गेली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

व्यवसायाचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतही घरातील स्त्रियाच मृताला स्नान घालीत व गावचा सुतार पेटी करून देई. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने ही घडी विस्कटली. दूरच्या रणभूमीवर पडलेल्या सैनिकाचा देह घरी आणावयाचा तर तो टिकविणे भाग होते. त्यातून शवसंलेपनाचा, म्हणजेच एम्बामिंगचा, प्रसार झाला. सैन्याच्या मागोमाग संलेपकही हिंडू लागले. नाडल्या गेलेल्या कुटुंबांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, मार्च १८६५ मध्ये युद्ध खात्याला संलेपकांसाठी परवाना सक्तीचा करावा लागला. व्यवसाय उदयास येतो न येतो तोच विश्वासाचा प्रश्न उभा राहिला, ही बाब लक्षणीय आहे. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांचा संलेपित देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला रेल्वेने नेण्यात आला. वाटेत असंख्य लोकांनी त्याचे दर्शन घेतले आणि या विद्येला प्रतिष्ठा लाभली. १८८२ मध्ये व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

विसाव्या शतकात मृतदेह घरातून ‘फ्युनरल होम’मध्ये गेला. तेथील संचालक हा बहुधा गावातलाच, आपल्याच चर्चमध्ये येणारा, आजोबांचे दफन करणारा माणूस असे. ही ओळख हीच विश्वासाची हमी मानली जाई. दर विचारण्याची प्रथा नव्हती. अनेक ठिकाणी सर्व सेवांचे मूल्य शवपेटीच्या किमतीतच मिसळलेले असे. ओळख जितकी जुनी, तितके हिशेब विचारणे अवघड, असा हा पेच होता.

मिटफर्ड ते फ्युनरल रूल

हा पेच सर्वांत प्रभावीपणे उघड केला तो जेसिका मिटफर्ड यांनी. त्यांचे पती रॉबर्ट ट्रूहाफ्ट हे कामगारांचे वकील होते. कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी रक्कम अंत्यविधीच्या बिलातच संपते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या मिटफर्ड यांच्या ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या ग्रंथाने मोठी खळबळ उडविली. तरीही कायदा होण्यास दोन दशके लागली. फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये नियमाचा मसुदा मांडला, व्यावसायिकांचा कडवा विरोध झाला, आणि १९८२ मध्ये संमत झालेला ‘फ्युनरल रूल’ १९८४ मध्ये अमलात आला.

त्यानुसार दूरध्वनीवर दर सांगणे, प्रत्यक्ष चौकशी करणाऱ्याच्या हाती बाबनिहाय दरपत्रक देणे आणि शवपेट्या दाखविण्यापूर्वी त्यांची दरसूची पुढे ठेवणे बंधनकारक झाले. कायद्याने आवश्यक नसताना संलेपन आवश्यक आहे, असे भासविण्यास मनाई झाली. १९९४ च्या दुरुस्तीने बाहेरून आणलेल्या शवपेटीवर हाताळणी शुल्क आकारण्यासही बंदी आली. मात्र मूलभूत सेवाशुल्क ग्राहकाला नाकारता येत नाही, आणि ते किती असावे यावरही बंधन नाही. म्हणजेच या नियमाने किमती नियंत्रित केल्या नाहीत. त्या केवळ उघड्यावर आणल्या.

दरपत्रकापलीकडचा विश्वास

प्रस्तुत लेखकाच्या मते नियमाची मर्यादा नेमकी येथेच आहे. किंमत कळणे आणि मृतदेहाची निगा राखली जाईल याची खात्री होणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शिवाय १९६० नंतर मोठ्या कंपन्यांनी स्थानिक संस्था विकत घेतल्या, परंतु दारावरील जुने कौटुंबिक नाव बहुधा तसेच ठेवले. ज्या नावावर गावाने भरवसा ठेवला होता, त्यामागील मालक बदलल्याचे गावाला कळेलच असे नव्हते.

फेब्रुवारी २००२ मध्ये जॉर्जिया राज्यातील नोबल येथील एका दहनगृहाच्या आवारात दहन न केलेले तीनशेहून अधिक मृतदेह सापडले. काही कुटुंबांना अस्थी म्हणून सिमेंटसारखी भुकटी देण्यात आली होती. कुटुंबांनी निवड केली होती ती फ्युनरल होमची. देह पुढे कोणाकडे जातो, हे बहुतेकांनी विचारले नव्हते. हे दहनगृह जनतेशी थेट व्यवहार न करता फ्युनरल होम्सकरिताच काम करीत असल्यामुळे राज्याच्या परवाना-तपासणीतून निसटले होते. या घटनेनंतर राज्याने कायद्यातील ही पळवाट बंद केली.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही दहनासाठी सामान्यतः याच व्यवस्थेतून जावे लागते. दहन कोठे होणार, ते दहनगृह कोणाच्या मालकीचे आहे, आणि अग्नी देतेवेळी मुलाला तेथे उभे राहता येईल काय, हे सांगण्याचे बंधन त्या संघीय नियमात नाही. ते कुटुंबालाच विचारावे लागते.