केळफूल, ताक आणि जपानी चीक

भाट्ये (रत्नागिरी) येथे नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून आहे. शहाळ्याचे पाणी साठवले तर कधी कधी गुलाबसर होते, हा नारळवाल्यांचा जुना प्रश्न. आपल्या घरी चिरलेले केळफूल काळे पडते, ते याच जातीचे.

या प्रश्नाचा माग जपानमध्ये लागला. तिथे एका झाडाचा चीक रोगण म्हणून वापरतात. हवेत तो काळा व टणक होतो. १८८३ मध्ये योशिदा यांना आढळले, की चीक तापवला तर तो वाळतच नाही. म्हणजे त्यात उष्णतेने बिघडणारे काहीतरी होते. पुढे फ्रान्समध्ये बर्ट्रांड यांनी त्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, 'लॅकेज' म्हटले.

अशी मनाला येतील ती नावे पडत गेली व गोंधळ वाढला. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय विकर आयोगाने विकर कोठे सापडले हे न पाहता ते कोणती अभिक्रिया घडवते, यावरून सहा वर्ग केले. २०१८ मध्ये सातवा आला. लॅकेज आणि केळफूल काळे करणारे विकर, दोन्ही पहिल्या, ऑक्सिडीकरणाच्या वर्गातली.

आपण हे वर्ग पाठ करून घेतो. प्रश्न मात्र मागे राहतो. केळफुलाचे तीन तुकडे घेऊ या: एक ताकात, एक उकळून काढलेला, एक तसाच. ताकातल्या आम्लाने विकर मंदावते, उकळल्याने बिघडते. योशिदांचा प्रश्न मग मुलेच विचारतील.