डंकर्कच्या धक्क्यावरची रांग

डंकर्क म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या छोट्या होड्या. इंग्लंडचे कोळी, सहलीच्या बोटीवाले, हौशी शिडवाले आपापल्या होड्या घेऊन निघाले आणि किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य घरी घेऊन आले, अशी ती गोष्ट. खोटी नाही, पण अर्धीमुर्धी आहे. २०१७ साली ख्रिस्तोफर नोलनचा सिनेमा आला तेव्हा आपल्याकडे वेगळाच वाद रंगला. यात हिंदी सैनिक का दिसत नाहीत? एकीकडे "तिथे कुठले हिंदी सैनिक?" म्हणणारे, दुसरीकडे "आपल्याच जवानांनी इंग्रजांना वाचवलं" म्हणणारे. आवाज दोघांचाही मोठा, माहिती बेताची. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिमेकडे मुसंडी मारली आणि २० मेपर्यंत त्यांचे रणगाडे इंग्लिश खाडीला भिडलेही. ब्रिटिश सैन्य, फ्रेंचांच्या उत्तरेकडच्या फौजा आणि बेल्जियन, सगळे समुद्राकडे रेटले गेले. २४ मेला जर्मन रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम मिळाला. तो का दिला यावर इतिहासकार अजून भांडताहेत, पण त्या दोन-तीन दिवसांत डंकर्कभोवती बचावाची फळी उभी राहिली. २६ मेच्या संध्याकाळी सैन्य काढून नेण्याचा हुकूम निघाला. डोव्हरहून सूत्रं हलवत होते व्हाइस ॲडमिरल रॅमसे. फार तर पंचेचाळीस हजार माणसं निघतील असा अंदाज होता.

आता खरी अडचण बघा. डंकर्कचं बंदर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं. शेजारचा किनारा लांबच लांब, पण इतका उथळ की मोठं जहाज जवळ येऊच शकत नाही. माणसं छातीभर पाण्यात तासन् तास उभी. त्यांना छोट्या होडीत घ्यायचं, ती वल्हवत विनाशिकेपर्यंत न्यायची, चढवायचं, परत यायचं. वर विमानं घिरट्या घालताहेत. या गतीने महिना लागला असता. २७ तारखेला दिवसभरात निघाले फक्त ७,६६९.

त्याच रात्री किनाऱ्यावर पाठवलेले कॅप्टन टेनंट यांची नजर बंदराच्या पूर्वेकडच्या बांधावर गेली. हा बांध म्हणजे आपल्या भाऊच्या धक्क्यासारखा बोटी लावायला बांधलेला धक्का नव्हे. लाटा अडवायला समुद्रात सोडलेला, जवळजवळ मैलभर लांबीचा, वर लाकडी फळ्यांची वाट असलेला. तीन-चार माणसं शेजारी शेजारी चालतील इतकीच रुंदी. भरती-ओहोटीत पाणी पंधरा फूट वर-खाली. टेनंटनी एक जहाज लावून बघायला सांगितलं, आणि ते लागलं! एकूण ३,३८,२२६ माणसं सुटली, त्यातली दोन लाखांहून जास्त बंदरातून आणि या बांधावरून. किनाऱ्यावरून गेली ती लाखाच्या आत. छोट्या होड्यांचं मोल मला कमी करायचं नाहीये. किनाऱ्यावरून मोठ्या जहाजापर्यंतचं जीवघेणं काम त्यांनीच केलं, आणि त्यातल्या बऱ्याच होड्या तर नौदलाचेच लोक चालवत होते. पण सैन्य खाडीपार नेलं ते विनाशिकांनी आणि प्रवासी बोटींनी.

आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. २९ मेला बांधाला एकाशेजारी एक लागलेल्या जहाजांवर विमानं तुटून पडली. 'ग्रेनेड' ही विनाशिका तिथेच गेली, 'क्रेस्टेड ईगल' ही वाफेची बोट माणसांनी भरलेली असताना पेटली. कॅले पडल्यामुळे ३९ मैलांचा जवळचा मार्ग जर्मन तोफांच्या टप्प्यात आला होता, मग ८७ मैलांचा वळसा घालावा लागला. तिकडे पाणबुड्या आणि वेगवान टॉर्पेडो बोटी टपलेल्या. ३१ मे हा सगळ्यात मोठा दिवस, अडुसष्ट हजार माणसं निघाली. १ जूनला दिवसाढवळ्या इतकी जहाजं गेली की पुढे फक्त रात्रीचंच काम सुरू ठेवलं. ब्रिटिशांच्या सहा विनाशिका बुडाल्या, फ्रेंचांच्या तीन.

आता हिंदी सैनिक. ते होते. फौज तशी यंत्रावर चालणारी, पण हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात ट्रक रुततील म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून खेचरांच्या चार कंपन्या मागवल्या. 'फोर्स के-६' हे त्यांचं नाव. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्या मुंबई बंदरातूनच हे लोक आणि सुमारे दोन हजार खेचरं निघाली, नाताळच्या सुमारास मार्सेला उतरली. बहुतेक सगळे पंजाबी मुसलमान. लढाऊ तुकडी नव्हे, दाणागोटा आणि दारूगोळा वाहणारी माणसं. तीन कंपन्या डंकर्कहून सुटल्या. चौथी, बावीस नंबरची, पूर्वेकडच्या आघाडीवर होती, ती जर्मनांच्या हाती लागली.

डंकर्कच्या वाटेवर २४ मेला जमादार मौला दाद खान यांच्या तुकडीवर तोफा आणि विमानं दोन्हींचा मारा झाला. त्यांनी माणसं आणि जनावरं रस्त्यावरून हटवून आडोशाला नेली. त्याबद्दल त्यांना इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं. बांधावरच्या रांगेत मेजर अकबर खानही होते. हेच पुढे पाकिस्तानी लष्करातले ज्येष्ठता क्रमांक एकचे अधिकारी, 'पीए-१'. खेचरांना मात्र जहाजावर जागा नव्हती. महिनोन् महिने ज्यांना चारलं, खरारा केला, ती जनावरं तिथेच सोडून यावं लागलं. तसे ब्रिटिशांनी साठ हजारांवर मोटारगाड्याही सोडल्या, पण गाडी मागे वळून बघत नाही.

म्हणजे हिशेब असा. साडेतीन लाखांच्या आसपास माणसांत ही काहीशे माणसं. त्यांनी डंकर्क वाचवलं नाही. पण ती तिथे होती, आणि शिस्तीत निघाली. इतकंच खरं आहे आणि मला ते पुरेसं वाटतं. फुगवून सांगणारे या लोकांचं भलं करत नाहीत.

ज्यांच्यामुळे रांग पुढे सरकली ते तर सिनेमात जेमतेमच दिसतात. लीलमध्ये वेढल्या गेलेल्या फ्रेंच फौजा ३१ मेपर्यंत झुंजल्या, तेवढे जर्मन तिकडे अडकून पडले. शेवटची फळीही फ्रेंचांनीच धरली. ३-४ जूनच्या रात्री सव्वीस हजारांवर माणसं निघाली, बहुतेक फ्रेंच, पण पस्तीस ते चाळीस हजार फ्रेंच मागे राहिले आणि ४ जूनच्या सकाळी कैद झाले. त्याच दिवशी चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये बजावलं की माघारी घेऊन युद्धं जिंकली जात नाहीत. भाषणाचा तो भाग फारसा कुणी सांगत नाही.

के-६ चे जवान पुढे वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरात सराव करत राहिले. काहींच्या कबरी स्कॉटलंडमध्ये किंगसीला आहेत. उरलेले १९४४ साली परतले. तीन वर्षांत फाळणी झाली आणि बहुतेकांची गावं पाकिस्तानात गेली. ब्रिटनला ते आपले वाटले नाहीत, आपल्याला ते पाकिस्तानचे वाटतात, आणि पाकिस्तानच्या लेखी ते इंग्रजांच्या फौजेतले.