रुमाल, रीळ आणि हार्ड डिस्क : कोल्हापुरातील नोंदी जपण्याचा आणि वाचण्याचा इतिहास

कोणतीही नोंद दोन आधारांवर टिकते. एक म्हणजे जिच्यावर ती उमटवली जाते ती वस्तू, आणि दुसरा म्हणजे ती वाचण्याचे साधन. यांपैकी दुसरा आधार सुटला की पहिला शाबूत असूनही नोंद नाहीशी झाल्यासारखी वाटते. संगणकाला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क पडद्यावर दिसेनाशी होते तेव्हा बहुतेक वेळा नेमके हेच घडलेले असते. तिच्यातील छायाचित्रे, हिशेब किंवा चित्रफिती जागच्या जागी असतात, मात्र त्यांच्यापर्यंत नेणारा एखादा दुवा तुटलेला असतो. हा प्रश्न संगणकाने निर्माण केला असे मानणे चुकीचे आहे. कोल्हापूरने कागदी दफ्तर, चित्रपटाचे रीळ आणि चुंबकीय तबकडी अशा तीन माध्यमांत तो अनुभवला आहे, आणि प्रत्येक वेळी जे हरवले त्यातील बराच भाग माध्यम नष्ट झाल्यामुळे नव्हे, तर वाचता न येणारी वस्तू निरुपयोगी ठरवली गेल्यामुळे हरवला.

महालक्ष्मी मंदिरातील शिलाहार आणि यादव काळातील शिलालेख वाचण्यासाठी यंत्र लागत नाही, जुन्या लिपीचे ज्ञान पुरते. छत्रपतींच्या करवीर म्हणजेच कोल्हापूर राज्याचा कारभार मात्र कागदावर चालला, आणि 1731च्या वारणेच्या तहाने सातारा व करवीर या दोन राज्यांच्या सीमा ठरल्यापासून 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत या कागदांचा प्रचंड साठा जमत गेला. सुट्या कागदांचे गठ्ठे कापडात बांधले जात. त्या कापडालाही आणि बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमाल म्हणत. कोणत्या रुमालात कोणत्या सालचे आणि कोणत्या विषयाचे कागद आहेत हे सांगणारी जी यादी असे तिला फेरिस्त म्हणत. दफ्तरखान्यातील जाणत्या कारकुनाची खरी मालमत्ता ही फेरिस्तच होती, कारण ती गहाळ झाली तर एकही कागद न हलता सारे दफ्तर मुके होत असे आणि एखाद्या इनामाची सनद शोधायची म्हणजे रुमालामागून रुमाल सोडून प्रत्येक कागद वाचण्यावाचून गत्यंतर उरत नसे.

त्यात या दफ्तराची लिपी मोडी. बोरूने प्रथम ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, अशी तिची पद्धत होती. शब्दांमध्ये जागा सोडली जात नसे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, त्यामुळे लिहिणाऱ्याला वेग मिळाला, पण वाचणाऱ्याला सरावाशिवाय त्यात शिरकाव उरला नाही. विसाव्या शतकात छपाई आणि शालेय शिक्षण पूर्णपणे देवनागरीत आले, मोडी जाणणारी पिढी ओसरली, आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे आलेले संस्थानचे दफ्तर, वाळवीपासून आणि ओलीपासून वाचलेले असूनही, बहुतेक नागरिकांच्या दृष्टीने बंदच राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीचा आज जो सविस्तर अभ्यास होऊ शकतो त्यामागे शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राचे काम आहे. डॉ. विलास संगवे यांच्या संपादनाखाली केंद्राने महाराजांचे पत्रव्यवहार आणि कागदपत्रे खंडरूपाने प्रसिद्ध केली, आणि ते काम शक्य झाले ते न उलगडलेले कागद कुणी रद्दीत घातले नाहीत म्हणूनच.

दुसरे माध्यम चित्रपटाचे. त्याच्या बाबतीत कोल्हापूरचे भाग्यही मोठे आणि हानीही मोठी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातील चुलतभाऊ. रंगवलेले पडदे आणि चित्रे ही त्यांची कला, आणि यंत्र उघडून त्याचे काम समजून घेणे हा त्यांचा स्वभाव. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका प्रोजेक्टरपासून त्यांच्या चित्रपटविषयक प्रयोगांना सुरुवात झाली. चित्रपटाच्या यंत्रणेचे मर्म असे, की फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकणारा आकडा ती एकेक चौकट पुढे ओढतो, प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यातच प्रकाशाला वाट मिळते आणि पुढची ओढ सुरू होताच फिरती झडप ती वाट बंद करते. चित्र टिपणारा कॅमेरा आणि चित्र दाखवणारा प्रोजेक्टर या दोघांत हे तत्त्व समान असल्यामुळे एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या बांधणीला उपयोगी पडतो. आनंदराव 1916मध्ये वारले तेव्हा कॅमेरा अपुराच होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो 1918च्या सुमारास पूर्णत्वास नेला. तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920मध्ये ‘सैरंध्री’ हा तिचा पहिला चित्रपट पुण्यात झळकला. पुढे 1925चा ‘सावकारी पाश’ आला, ज्यात तरुण व्ही. शांताराम यांनी शेतकऱ्याची भूमिका केली. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि 1932मध्ये येथेच ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तयार केला.

यांपैकी मूक ‘सावकारी पाश’ आज कुणालाही पाहता येत नाही. बाबूरावांनीच 1936मध्ये त्याचा बोलपट केला, पण मूळ चित्रपट गेला तो गेलाच. भारतात सुमारे 1300 मूकपट तयार झाले असे मानले जाते आणि त्यांतील अगदी मोजके, तेही बहुधा तुकड्यांच्या रूपात, शिल्लक आहेत. बाबूरावांच्या 1927च्या ‘मुरलीवाला’चा काही भाग त्या मोजक्यांत मोडतो. या नाशाचे एक कारण रासायनिक होते. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजची. ती पेटली की स्वतःतील प्राणवायूवर जळत राहते आणि पाण्याखालीही सहजी विझत नाही, आणि न पेटताही वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने चिकट होऊन शेवटी तपकिरी भुकटीत रूपांतरित होते. पुढे पुण्याला गेलेल्या प्रभातच्याच तेथील जुन्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मच्या मोठ्या साठ्याला जानेवारी 2003मध्ये आग लागली आणि तो जळून गेला. दुसरे कारण मात्र माणसांचे होते आणि ते अधिक क्लेशकारक आहे. बोलपट आल्यावर मूकपट दाखवणारी चित्रगृहे उरली नाहीत, दाखवता न येणाऱ्या रिळांना किंमत राहिली नाही, आणि त्यांच्यावरील चांदीचा अंश काढून घेण्यासाठी देशभर असंख्य रिळे भंगारात गेली. त्यांतील प्रत्येक चौकट तोपर्यंत वाचनीय होती. फक्त ती वाचण्याची गरज कुणाला उरली नव्हती.

तिसऱ्या माध्यमाचा जन्म अमेरिकेतला. आयबीएम कंपनीने 1956मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, त्यांवर मिळून सुमारे 50 लाख अक्षरे मावत आणि यंत्राचे वजन जवळपास एक टन भरत असे. तत्त्व आजही तेच आहे : चुंबकीय थर दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता काही नॅनोमीटरवर तरंगणारे हेड, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचे सूक्ष्म टोक, चुंबकीय दिशा ओळखते. 1996मध्ये यूएसबी ही जोडणीची समान पद्धत आली आणि पुढच्या दशकभरात खिशात मावणारी बाहेरची हार्ड डिस्क सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. लग्नाचे चित्रीकरण करणारे स्टुडिओ कॅसेटवरून सीडी-डीव्हीडीवर आणि तेथून हार्ड डिस्कवर आले. शाळा, सहकारी संस्था आणि तालमींची मंडळेही आपापले फोटो आणि हिशेब तिच्यावर ठेवू लागली. कोल्हापूरच्या सार्वजनिक आणि कौटुंबिक स्मृतीचा मोठा भाग अशा रीतीने प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत जाऊन बसला, आणि ‘हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही’ ही तक्रार संगणक दुरुस्तीच्या दुकानांतील नित्याची बाब झाली.

ही तक्रार समजून घेण्यासाठी केबल जोडल्यापासून पडद्यावर चिन्ह उमटेपर्यंतच्या काही सेकंदांत काय घडते ते पाहावे लागते. प्रथम संगणकाकडून पाच व्होल्टचा वीजपुरवठा मिळतो. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 आणि 3.0 पोर्टमधून 900 मिलिअँपिअर प्रवाहाची हमी असते, आणि तबकडी फिरू लागण्याच्या क्षणी सर्वाधिक प्रवाह लागत असल्यामुळे लांब केबल, सैल पिन किंवा अनेक उपकरणे जोडलेला हब यांच्यामुळे डिस्क तेथेच अडखळते. त्यानंतर डब्यातील छोटे सर्किट, ज्याला ब्रिज म्हणतात, डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत आणून संगणकाला तिची ओळख सांगते. मग संगणक डिस्कवरील पार्टिशन टेबल, म्हणजे तिचे भाग कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात याची नोंद, वाचतो; त्यानंतर फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कोणत्या जागी आहे याची सूची, पाहतो; आणि शेवटी त्या भागाला एक अक्षर देऊन तो वापरणाऱ्यापुढे ठेवतो. दफ्तरखान्यातील फेरिस्तीचे काम येथे फाइल सिस्टीम करते, आणि ती बिघडली की होणारा परिणामही अगदी तोच असतो.

म्हणून जाणकार दुरुस्तकार डिस्कला हात घालण्याआधी दुवा कोठे तुटला आहे ते ठरवतो. दिवा लागत नाही आणि फिरण्याचा आवाजही येत नाही, तर तो दुसरी केबल लावून पाहतो, डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट वापरतो आणि मग दुसऱ्या संगणकावर तपासणी करतो. आवाज येतो पण चिन्ह दिसत नाही, तेव्हा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले जाते. तेथे डिस्क दिसत असून तिला अक्षर नसेल, तर ते देताच काम होते. तेथे ती ‘रॉ’ दिसत असेल, तर फाइल सिस्टीमची सूची वाचता येत नाही असा त्याचा अर्थ; मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली डिस्क मात्र पूर्ण निरोगी असूनही विंडोजला अनोळखी वाटते. तेथेही ती मुळीच दिसत नसेल, तर दोष केबल, ब्रिज किंवा खुद्द डिस्क यांपैकी एकात असतो. डबा उघडून आतली डिस्क थेट जोडण्याचा मार्ग पुष्कळदा यशस्वी होतो, पण काही डिस्कांमध्ये यूएसबीचे टोक थेट डिस्कच्या सर्किटवरच बसवलेले असते आणि काहींमध्ये ब्रिज सर्व मजकूर सांकेतिक रूपात लिहितो, त्यामुळे तो ब्रिज फेकून दिल्यास उरलेली तबकडी कायमची अवाच्य होते.

या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत धोक्याचा क्षण तांत्रिक नसून मानवी असतो. सूची वाचता आली नाही की विंडोज ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना दाखवते, आणि घाबरलेला मालक होकाराचे बटण दाबतो. साधे म्हणजे क्विक फॉरमॅट जुना मजकूर लगेच पुसत नाही, ते त्यावर कोरी सूची बसवते. हार्ड डिस्कवरील मजकूर त्यानंतरही परत मिळवता येतो, परंतु पुढे लिहिली जाणारी प्रत्येक फाइल जुन्या मजकुराचा एकेक तुकडा गिळत जाते. नव्या एसएसडी साठवणीत तर संगणक मोकळ्या झालेल्या जागा पुसण्याची सूचना लागलीच देऊ शकतो, त्यामुळे ती संधीही राहत नाही. चेकडिस्कसारखी दुरुस्तीची आज्ञादेखील सूचीत बदल करते, म्हणून ती आधी चालवणे अयोग्य. योग्य क्रम असा, की प्रथम डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची सेक्टरागणिक प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर घ्यावी, सेक्टर म्हणजे तबकडीवरील लेखनाचा सर्वांत लहान कप्पा, आणि नंतर त्या प्रतीवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक यांसारखी मुक्त साधने वापरावीत. यांपैकी टेस्टडिस्क हरवलेले पार्टिशन शोधते, तर फोटोरेक सूचीकडे न पाहता फाइलींच्या आरंभीच्या ओळखखुणांवरून त्या एकेक वेचते, जे फेरिस्तीवाचून दफ्तर चाळण्याइतकेच सावकाश होणारे काम आहे. डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक ऐकू येत असेल, तर हेड निकामी होत असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा जोडून पाहणे म्हणजे तबकडीवर ओरखडे पाडणे, आणि तिचे झाकण धूळमुक्त कक्षाबाहेर उघडणे हा कौशल्याचा नव्हे तर अविचाराचा भाग आहे.

कोल्हापूरला या विद्येची गरज इतर अनेक शहरांपेक्षा अधिक आहे, आणि त्याचे कारण पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरीसारख्या व्यापारी भागातील दुकानांत शिरले. गाळाच्या पाण्यात बुडालेली हार्ड डिस्क पाहून तिला मेलेली समजण्याची घाई होते, परंतु चुंबकीय थर केवळ पाण्याने पुसला जात नाही. घात होतो तो डिस्क वरवर पुसून, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवून लगेच वीज देण्याने, कारण आत सुकलेला गाळ हेड आणि तबकडी यांच्यामधील नॅनोमीटरच्या जागेत अडकतो. अशी डिस्क वीज न देता, आहे त्या स्थितीत तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे सोपवली तरच तिच्यातील मजकुराला आशा असते.

तालमी, शाळा, स्टुडिओ आणि घरे यांच्याकडे असलेल्या हार्ड डिस्कांना हा सारा इतिहास लागू आहे. पावसाळा सुरू होण्याआधी त्यांनी दोन कामे करावीत : प्रत्येक डिस्क जोडून ती दिसते का ते पाहून तिची दुसरी प्रत पूररेषेबाहेरच्या घरी ठेवावी, आणि कोणत्या डिस्कमध्ये काय आहे याची यादी कागदावर लिहून डब्यावर चिकटवावी. एखादी डिस्क दिसत नसेल, तर तीही फेकून न देता आणि फॉरमॅट न करता तशीच जपून ठेवावी.