संगिनीचा सांधा

रत्‍नागिरीची ओळख आंब्यावरून करून देण्याची रीत आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या पलटणींना हा जिल्हा माणसें पुरवीत असे. दापोलीची छावणी त्याच काळची, आणि त्या गांवास अजूनहि लोक ‘कॅम्प’ म्हणतात. ह्या कोंकणी शिपायाचा जीव पुष्कळदां एका लहानशा सांध्यावर अवलंबून असे. तो सांधा म्हणजे बंदुकीच्या तोंडाशीं असलेली संगिनीची बैठक.

युरोपांतील पहिल्या संगिनीची लांकडी मूठ थेट नळींत खुपसावी लागे. बाटलीस बूच बसावें तसें बंदुकीचें तोंड बंद होई. भाला मिळाला, पण बंदूक गेली! 27 जुलै 1689 रोजीं स्कॉटलंडांत किलीक्रँकी येथें जनरल मॅके ह्याच्या शिपायांनीं गोळ्या झाडल्या, तों डोंगरी लोक उतारावरून धांवत अंगावर आले. संगिनी नळ्यांत बसविण्यास अवधि मिळाला नाहीं, आणि ती फळी मोडली.

ह्यावर निघालेला तोडगा साधा, पण मोठा कल्पक होता. नळीच्या बाहेरून चढणारें पोकळ नळकांडें केलें. त्यास नागमोडी खांच पाडली. नळीवरील खुंटी तींत फिरून अडके. सुमारें 17 इंचांचें पातें वांकड्या मानेनें बाजूस काढलें, त्यामुळें संगीन चढविलेली असतांहि गज घालून दारू ठांसतां येई. कोंकणी शिपायाच्या ब्राउन बेस बंदुकीस अशीच संगीन असे. तिचा दोष एवढाच, कीं झटापटींत ती उपटून निघे. म्हणून 1853 च्या एन्फील्डच्या संगिनीस फिरतें कडें लावून ती जखडली.

तरी एक गोष्ट राहिलीच. नळीच्या टोंकाशीं वजन टांगलें म्हणजे गोळीचा नेम हलतो. लघु ली-एन्फील्डची 1907 ची संगीन म्हणून नळीस न जोडतां पुढील टोपणास अडकविली. 1909 मध्यें अमेरिकेंत हायरम पर्सी मॅक्सिम ह्यानें पेटंट घेतलेल्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्यास मात्र ही सवलत नव्हती. गोळी व तिच्यामागील वायु त्यांतूनच जावयाचे, तेव्हां त्याचा भार नळीनेंच सोसला पाहिजे.

पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. त्यांतील कोंकणी शिपायास संगीन चढविण्याचा हुकूम होई, तेव्हां त्याच्या बंदुकीचें तोंड मोकळेंच राही.